अर्ध्या तासाने दगा देणारा एसी : क्लचपर्यंतचा माग

गाडी माझी जुनीच, 2009 सालची पेट्रोल हॅचबॅक. गेल्या उन्हाळ्यात एसीच्या जोडांमधल्या गळक्या ओ-रिंगा (रबरी कड्या) बदलून, व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा खेचून) नवा आर-134ए, म्हणजे एसीचा गॅस, भरला होता. तेव्हापासून एसीबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. मार्च सरता सरता विषय मिळाला.

लक्षण असं. धायरीहून सकाळी निघालं की एसी उत्तम. राजाराम पूल मागे टाकून स्वारगेटच्या गर्दीत शिरेपर्यंत मधल्या व्हेंटमधून छान गार हवा. मग अर्ध्या-पाऊण तासाने कधीतरी हवा कोमट होते आणि बघता बघता बाहेरच्यासारखीच होते. ब्लोअर जोरात, बटणावरचा दिवा लागलेला. गाडी सावलीत तासभर उभी केली की परत सगळं सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं.

ज्याला सांगावं तो म्हणतो, "गॅस संपला असेल, भरून टाका." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. बंद चक्रात तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आणि कमी असेल तर सकाळीसुद्धा थंडावा अर्धामुर्धाच मिळेल, क्लच (गॅस दाबून फिरवणाऱ्या कंप्रेसरला चुंबकाच्या ओढीने बेल्टवरच्या पुलीशी जोडणारा भाग) सारखा लागेल-सुटेल. आधी अर्धा तास फक्कड आणि मग एकदम काहीच नाही, ही गॅसची तक्रार वाटत नाही. शिवाय अंदाजाने वरून गॅस ढकलणं मला अजिबात पटत नाही. छोट्या गाडीत सगळा मिळून गॅस साधारण 400-500 ग्रॅम. बाजारातला एक छोटा डबा जवळपास तेवढ्याचाच असतो. जास्त झाला तर हाय साइडचं, म्हणजे कंप्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, प्रेशर चढतं आणि सोसावं लागतं कंप्रेसरला. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन छापलेलं असतं, ते न वाचता डबा जोडणाऱ्यापासून लांब राहावं.

तापल्यावरच बंद पडणाऱ्या एसीचे संशयित तसे मोजके. इव्हॅपोरेटरवर (डॅशबोर्डमागे हवा गार करणारा भाग) बर्फ धरत असेल तर हवा कोमट होण्याआधी तिचा जोर कमी होतो. ब्लोअर ओरडतो आणि व्हेंटपाशी नुसती झुळूक. माझ्याकडे जोर तसाच होता, म्हणून तो बाद. आत ओलावा राहिला असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब एकदम उतरवणारा व्हॉल्व्ह) बारीक भोकात पाणी गोठतं आणि लो साइडचा, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या प्रेशरचा, काटा व्हॅक्यूमकडे घसरतो. पण गेल्या वर्षी व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर काटा तासभर जागचा हलला नव्हता, त्यामुळे हाही यादीत खालीच. (नव्याने करणाऱ्यांसाठी : पुण्यात व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या 28 इंचांच्या आसपास थांबतो. 30 ची वाट बघत पंप तापवू नका. आपण समुद्रसपाटीपासून 560 मीटर वर आहोत, बाहेरच्या हवेचाच दाब तेवढा कमी.)

खरा संशय कंडेन्सरवर (गाडीच्या पुढे बसवलेला, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) होता, कारण गर्दीत गाडी उभी आणि इंजिन चालू असताना त्रास होणं हे कंडेन्सरचं नेहमीचं लक्षण. पुढची जाळी काढली तर काटेसावरीचा कापूस आणि धुळीचा थर एकमेकांत विणून बसलेला. पाइपच्या मंद धारेने आतून बाहेर धुतला. प्रेशर वॉशर लावायचा नाही, पात्या वाकतात. फॅन दोन्ही वेगांवर फिरत होता. धुतल्यावर थंडावा थोडा सुधारला, बिघाड मात्र जिथल्या तिथे. मग एका दुपारी नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरकडे 80 च्या वेगाने गेलो. समोरून एवढा वारा असूनही हवा कोमट झालीच. कंडेन्सर निर्दोष सुटला.

आता एकच मार्ग : बिघाड चालू असताना मोजायचं. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी गार होते आणि मेकॅनिक म्हणतो, "चालू तर आहे." म्हणून क्लचच्या कनेक्टरपासून एक बारीक वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आत आणली, मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज टाकला आणि डॅशबोर्डवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर चिकटवला. क्लचला वीज मिळाली की 13.6 व्होल्ट, तुटली की शून्य. ज्यांचा एसी मधूनच रुसतो त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करावं. खर्च किरकोळ आणि उत्तर रोखठोक.

दांडेकर पुलाच्या सिग्नलला हवा कोमट व्हायला लागली. मीटरवर 13.6. गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं : बेल्ट फिरतोय, पुली फिरतेय आणि तिच्या पुढची क्लचची प्लेट मात्र ढिम्म.

या एका आकड्याने अर्धी यादी निकालात निघाली. वीज क्लचपर्यंत पोचतेय म्हणजे बटण, थर्मिस्टर (इव्हॅपोरेटर फार गार झाला की कंप्रेसर बंद करवणारा सेन्सर), प्रेशर स्विच, रिले आणि इंजिन गरम झाल्यावर एसी तोडणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळे आपापलं काम करताहेत. परतीचा रस्ताही तपासला : कंप्रेसरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात 0.05 व्होल्ट. अर्थिंग ठीक. उरला खुद्द क्लच.

क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स गार असताना 3.6 ओहम, त्या तापलेल्या अवस्थेत 4.5. कॉइल जळालेली नाही, तांबं तांब्यासारखंच वागतंय. दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. पण त्याचा परिणाम बघा. गार असताना करंट 3.8 अँपिअरच्या आसपास, तापल्यावर 3. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे ओढ एक तृतीयांशाहून जास्त घटली.

इथे मी अडलो. ओढ घटली हे मान्य, पण मग बिघाडाची वेळ दर वेळी वेगळी का? कधी अर्ध्या तासाने, कधी पाऊण तासाने. खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीवर काम केलेले. चहा घेता घेता त्यांना सगळं सांगितलं.

"क्लच एकदा लागला की मग गॅप किती उरते?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही काका, प्लेट पुलीला चिकटलेलीच असते."

"मग धरून ठेवायला जोर कशाला लागेल? जोर लागतो तो लांबून ओढून घ्यायला. तुझा क्लच चालता चालता सुटत नाहीये रे. थर्मिस्टरने एकदा सोडला की त्याला परत लागता येत नाहीये. त्यात इंजिन तापलेलं. गॅप मोज आधी."

वेळेचा घोळ सुटला. प्लेट पुलीला चिकटून आहे तोवर तापलेली कॉइलही तिला धरून ठेवते. थर्मिस्टरने कंप्रेसर बंद केल्यानंतरचा पहिला टक् आवाज मात्र येतच नाही. सकाळी तोच थर्मिस्टर तोच क्लच सोडतो आणि गार कॉइल त्याला आरामात परत ओढून घेते.

क्लच सुटलेला असताना प्लेट आणि पुली यांच्यातली गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी मोजली : 0.85, 0.9 आणि 0.75 मिलिमीटर. बहुतेक कंप्रेसरना 0.3 ते 0.6 च्या दरम्यान लागते. नेमका आकडा आपापल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. दर वेळी लागताना प्लेट थोडी घासते, वर्षानुवर्षं घासून गॅप रुंदावते. गॅप वाढली की ओढ झपाट्याने पडते, आणि त्यात कॉइल तापलेली.

गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत चौकशी केली. पहिल्या दुकानात, "साहेब, क्लच सुटा येत नाही, अख्खा कंप्रेसरच घ्या." पुढच्या गल्लीत क्लचचा सेट सुटा मिळत होता. पण दोन्ही आधी खिशात हात घालायला लावणारे उपाय. प्लेटच्या मागे गॅप ठरवणाऱ्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात आणि एक शिम काढायला पैसे लागत नाहीत.

काम असं झालं. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये), कंप्रेसरच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं आवरण उतरवलं. बेल्ट काढावा लागला नाही. गॅसच्या लाइनला हात लावायचा प्रश्नच नव्हता, सगळं काम बाहेरच्या बाहेर. प्लेट धरून मधला 10 चा बोल्ट सोडला. प्लेट गंजाने शाफ्टवर बसली होती, तिला मागून पाना लावून उचकटायचा मोह आवरला आणि प्लेटच्या मधल्या भोकातल्या आट्यांना बसणारा एक लांब बोल्ट मधून आवळून ती अलगद वर आणली. आत दोन शिम. 0.4 ची एक काढली, दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने पुसले. इथे तेल किंवा ग्रीसचा थेंबही नको, क्लच घसरेल. परत बसवून मोजलं : 0.45, 0.5, 0.35. हाताने पुली फिरवून प्लेट कुठे घासत नाही ना, ते बघितलं. फार कमी गॅप ठेवली तर सुटल्यावरही प्लेट घासत राहते आणि वेगळाच ताप सुरू होतो.

मग भर दुपारी, बाहेर 38 अंश असताना, मुद्दाम स्वारगेटच्या गर्दीत गाडी घातली. तास उलटला तरी डॅशबोर्डवरचा मीटर शून्यावर जातोय, 13.6 वर येतोय आणि प्रत्येक 13.6 बरोबर बोनेटखालून टक्. रिसर्क्युलेशनवर मधल्या व्हेंटला 9 अंश. घरी येऊन गेज लावले : 1500 आरपीएमला लो साइड 35 पीएसआय, हाय साइड 230. या हवेला अगदी योग्य. गॅस पुरेसा आहे हे इथे कळतं. इंजिन बंद असतानाच्या प्रेशरवरून ते कळत नाही. 30 अंशाला आत थोडासा जरी द्रव आर-134ए असला तरी काटा 97-98 पीएसआय दाखवतो, मग बाकी गॅस 200 ग्रॅम असो की 450.

एक काम उरलंय. एसी बंद असताना पुलीकडून बारीक घरघर येते आणि एसी लावला की कमी होते. पुली आणि तिचं बेअरिंग एसी बंद असतानाही फिरतच असतात, कंप्रेसर मात्र तेव्हा थांबलेला असतो, म्हणून संशय बेअरिंगवरच. ते काढायला सर्कलिप प्लायर (अडकवलेली स्प्रिंगची कडी काढायची पकड) आणि पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं साधन) लागेल. प्लायर आहे, पुलर काकांच्या ओळखीने मिळतोय. बेअरिंग काढलं की त्याचा नंबर आणि कॉइलची अवस्था पुढच्या नोंदीत टाकतो.