धरणातला रोहू, शेततळ्यातला रोहू

भाद्रपदात नाशिकजवळच्या गंगापूर धरणातले आणि दिंडोरीकडच्या एका शेततळ्यातले रोहू आम्ही तपासत होतो. धरणातल्या माशांच्या स्नायूंत चरबी कमी होती, आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जवळपास नव्हतंच. कुणीही म्हणेल, वीण झालीय, मासा रिकामा झालाय.

चरबीपुरतं ते खरं होतं. अंडी भरताना यकृत बलकाचं प्रथिन तयार करतं, ते रक्तावाटे अंडाशयात जातं, आणि स्नायूंतली चरबीही तिकडंच खर्ची पडते. चरबी उतरली की तिच्या जागी पाणी वाढतं. शेततळ्यात मात्र रोहू पिकतो, पण वाहत्या पाण्याशिवाय अंडी सोडत नाही. संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं नाही तर अंडी आतच विरतात, आणि कोंडा-पेंडीवर आतड्याभोवती चरबी साठत राहते. म्हणून अशी तुलना महिन्यावरून करू नये, पोट फाडून अंडाशय बघून करावी.

ग्लायकोजेनचं मात्र गणित बसेना. त्याच जाळ्यातले लहान, जननग्रंथी अजून दोऱ्याएवढी असलेले रोहूही तसेच रिकामे होते. ज्यांची वीणच झाली नाही, त्यांचं काय खर्च झालं? वर रक्तातली साखर चढलेली. तिथंच संशय पक्का झाला. कल्ल्यांमागे दोऱ्याचा लाल वळ, खवले सोललेले. जाळं संध्याकाळी लावून पहाटे उचललेलं होतं. मासेमार म्हणाले, "सायेब, हा राती लवकर अडकलेला दिसतोय, पार दमून गेलाय." धडपडीत अ‍ॅड्रेनालिन सुटतं, यकृतातलं ग्लायकोजेन फुटून साखर रक्तात येते. शेततळ्यातले मासे ओढजाळ्याने काही मिनिटांत बाहेर आले होते, त्यामुळे त्यांचा साठा शाबूत.

मग धरणावर फेकजाळं टाकायला लावलं. मासा वर येताच डोक्यावर एक घाव, यकृताचा वजन केलेला तुकडा काठावरच ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या नळीत. बर्फावर नुसता ठेवला तरी ग्लायकोजेन फोडणारी विकरं (एन्झाइम) काम करतच राहतात. प्रयोगशाळेत नळी उकळत्या पाण्यात धरून तुकडा विरघळवायचा, अल्कोहोलने ग्लायकोजेन खाली बसवायचं, अँथ्रोन हे रंग आणणारं रसायन घालून ६२० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग वाचायचा. शेततळ्याचे मासेही या वेळी २४ तास उपाशी ठेवले, कारण खाद्य घेतलेल्या माशाचं यकृत भरलेलंच असतं. दोन्हीकडचं अंतर बरंचसं मिटलं.

चरबीतला फरक मात्र हलला नाही. ती एका रात्रीत उतरत नाही. तिथं घोळ होतो तो वेगळाच: तुकडा पोटाकडून घेतला तर चरबी उगाच जास्त येते. पाठीच्या पराखाली, पार्श्वरेषेच्या (माशाच्या कुशीवरून जाणाऱ्या रेघेच्या) वरचाच तुकडा घ्यावा. पाण्याचा अंश काढताना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करावं. गरम तुकडा तराजूवर ठेवला की वजन खोटं लागतं.

आता नमुन्यांच्या वहीत दोन रकाने वाढवलेत: जाळं कोणतं, आणि ते पाण्यात किती तास होतं.