उतारावरचे झाड आणि खाली उभा असलेला माणूस

मे महिन्याच्या वादळात सिव्हिल लाइन्समधला एखादा गुलमोहर आडवा होतो, महापालिकेची माणसे दोर आणि चेन सॉ घेऊन येतात आणि दुपारपर्यंत रस्ता मोकळा होतो. हे पाहिलेली नागपुरातली मंडळी मला पुन्हा पुन्हा विचारतात की, मग मेळघाटच्या डोंगरात झाडे तोडण्याचे काम मजुरांच्या जिवावर का बेतते? माझी नोकरी वनपाल म्हणून त्याच डोंगरांत झाली. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपाटीवर उभे झाड नव्वद अंशांतून फिरून जमिनीला लागते. पस्तीस अंशांच्या उतारावर तेच झाड खालच्या दिशेने पाडले, तर ते एकशे पंचवीस अंशांतून फिरते. तेवढा वेळ त्याचा वेग वाढतच राहतो आणि आपटल्यावरही ते थांबत नाही, बुंध्यासकट घसरत खाली जाते. चढाच्या दिशेने पाडले तर ते पंचावन्न अंशांतच टेकते, पण मग बुडखा मागे सरकतो आणि तोडणारा जिथे उभा असतो तिथेच येतो. म्हणून उताराला आडवे पाडणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. अडचण अशी की उतारावर वाढलेल्या झाडाच्या फांद्या बहुधा मोकळ्या उजेडाकडे, म्हणजे दरीच्या बाजूला, जास्त भरलेल्या असतात आणि झाडाचा सगळा कल तिकडेच असतो. छातीएवढ्या उंचीवर साठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि बारा मीटर लांब खोडाच्या ओल्या सागाचे नुसते खोडच दोन टनांच्या आसपास भरते. एवढे वजन त्याच्या कलाविरुद्ध वळवायचे, तेही कुऱ्हाड, आरा, पाचर आणि दोर यांच्या बळावर.

झाड कुठे जाणार हे शेवटच्या घावावर नव्हे, आतल्या एका पट्टीवर ठरते. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला व्यासाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी खाच घ्यायची, मग पाठीमागून तिच्या तळापेक्षा थोडा वर काप घ्यायचा आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. दाराच्या बिजागरीसारखी ही पट्टी झाडाला शेवटपर्यंत धरून वळवते. ती एका बाजूने कापली गेली, तर झाड बुडख्यावर फिरते आणि दरीकडे जाते. कललेल्या झाडाला खाच उथळ घेतली, तर पाठीमागचा काप पुरा होण्याआधीच खोड उभे चिरते आणि चिरलेला भाग उसळून तोडणाऱ्याच्या छातीवर किंवा डोक्यावर येतो. एकट्या कुऱ्हाडीने ही पट्टी सारख्या जाडीची ठेवणे फार कठीण आहे. आऱ्याने ती नेमकी राहते, पण आऱ्याला दोन माणसे लागतात, आणि झाड उताराला आडवे पाडायचे तर त्यांतला एक चढाला आणि दुसरा उताराला उभा राहतो. त्या खालच्या माणसाचा मला सगळ्यांत जास्त धसका वाटे. पाचर बसेपर्यंत त्याला निघता येत नाही, आणि झाडाने कल बदलला तर ते त्याच्याकडेच येते.

वेलींचा धोका पुस्तकात एका ओळीत येतो, जंगलात तो सतत डोक्यावर असतो. माहुलवेल एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जाते आणि चार-पाच झाडांना एकमेकांना बांधून टाकते. कापलेले झाड मग पडत नाही, शेजारच्याला लटकते, किंवा पडताना शेजारच्याची वाळकी फांदी ओढून मागे उभ्या माणसावर आणते. लटकलेल्या झाडाखाली जाऊन त्याला आधार देणारे झाड तोडायला लागणे, याएवढे जिवावरचे काम जंगलात नसेल. वेली आधीच्या हंगामात तोडून वाळू दिल्या, तर यातला बराच धोका टळतो.

आमच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, एक वयस्क कोरकू तोडकरी होते. कुऱ्हाड चालवण्याआधी ते झाडाला पूर्ण फेरी घालत, मान वर करून शेंडा न्याहाळत आणि कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठिकठिकाणी ठोकत. भरीव लाकडाचा आवाज ठस्स येतो, पोकळ लाकूड घुमते, आणि पोकळ झाडात ती पट्टी धरून ठेवायला लाकूडच नसते. त्यानंतर ते पळायची वाट साफ करत, पडण्याच्या दिशेच्या मागे आणि तिरकी, चढाच्या बाजूला. फेब्रुवारीनंतर सागाची मोठाली पाने उतारावर वाळून पसरलेली असतात आणि त्यांखालचे दगड सुटे असतात. तिथे घाईने टाकलेले पाऊल हमखास घसरते. हे सगळे होईपर्यंत मुकादम चुळबुळत असे, कारण मजुरी नगावर होती आणि बघण्यात गेलेल्या वेळाचे पैसे कोणालाच मिळत नव्हते. माझ्या मते उतारावरचा सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि तो डोंगराने नव्हे, हिशेबाच्या वहीने निर्माण केलेला आहे.

झाड पडल्यावरही काम संपत नाही. फांद्या छाटताना ओंडका सुटून गडगडतो, म्हणून छाटणी नेहमी चढाच्या बाजूने करायची. सपाटीवर दुसऱ्या टोळीपासून झाडाच्या दुप्पट उंचीएवढे अंतर पुरते. उतारावर खालचा सगळा पट्टा पायथ्यापर्यंत मोकळा हवा आणि एका टोळीच्या खाली दुसरी टोळी कधीही लावू नये. अपघात झालाच, तर जखमीला खाटेवर घालून वाटेपर्यंत उतरवावे लागते, तिथून परतवाडा, मग अमरावती, आणि तरीही निभावले नाही तर नागपूर.

मशीन का लावत नाही, हेही तुम्ही विचारता. चाकाचे यंत्र अशा उतारावर उभे राहत नाही. तारेने वर बांधलेली यंत्रे आहेत, पण त्यांना चांगला रस्ता लागतो आणि तो कापताना डोंगर आणखी सुटतो. तोवर माणसाच्या हातानेच काम होणार असेल, तर उतारावरच्या कूपात मजुरी नगावर न देता दिवसावर द्यावी, आणि वेली तोडण्याचा, वाट साफ करण्याचा दिवस त्यात धरावा.