तुम्ही विचारलंत म्हणून: कढीपत्त्यावरचा पिवळा ठिपका

"मॅक्रो लेन्स केवढ्याला पडली?" मी काढलेले किड्यांचे फोटो बघितले की हा प्रश्न ठरलेला. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून, मोठे फोटो काढायची खास लेन्स. सोसायटीतल्या काकू विचारतात, ऑफिसातली मुलं विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते. मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. तळहातावर मावणारा, लेन्स काढता येणारा छोटा मिररलेस कॅमेरा आहे, बाबांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची 50 मिमीची लेन्स आहे, ती बसवायला एक अडॅप्टर आहे आणि मध्ये तीन पोकळ रिंगा. त्यांनाच एक्स्टेंशन ट्यूब म्हणतात.

या रिंगांत काच नसते, आत नुसती हवा. लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या पट्टीपासून, जेवढी लांब न्याल तेवढं जवळचं तिला दिसतं. प्रतिमा किड्याच्या किती पट पडेल याचा हिशोब सोपा आहे: रिंगांची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा, माझ्या लेन्सचा 50. माझ्या रिंगा 7, 14 आणि 28 मिमीच्या. तिन्ही लावल्या की 49, भागिले 50, म्हणजे जवळजवळ एकास एक. किडा जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. माझा सेन्सर 17.3 मिमी रुंद, त्यामुळे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेनं अख्खा फोटो भरतो.

सुरुवातीला मी कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्सच लावली होती. घेतलेल्या स्वस्त रिंगांना विजेच्या पिना नव्हत्या आणि त्यानं काय होतं हे दुकानात कुणी सांगितलं नाही. पिना नसल्या की अशा लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं लहानमोठं होणारं भोक, कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, ते सताड उघडं राहतं आणि अगदी पातळ थरच स्पष्ट येतो. मुंगीच्या एका मिशीचं टोक स्पष्ट, बाकीची मुंगी धुक्यात. बाबांच्या लेन्सला अॅपर्चरची कडी लेन्सवरच आहे, हातानं फिरवायची. म्हणून ती लेन्स.

तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स निघत नसेल तर रिंगांवर पैसे घालवू नका. त्या बसणारच नाहीत. तशा कॅमेऱ्यांसाठी नळी म्हणून जे मिळतं ते पुढे क्लोजअप भिंग अडकवण्यापुरतं असतं. भिंग मात्र जरूर घ्या, आणि झूम पूर्ण वाढवून वापरा. नुसत्या मॅक्रो मोडमध्ये कॅमेरा किड्याला इतका खेटवावा लागतो की किड्यावर कॅमेऱ्याचीच सावली पडते.

आता खरी गोष्ट. आमच्या बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता आहे. मागच्या पावसाळ्यात कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान पिवळा ठिपका दिसला. लिंबाळी फुलपाखराचं अंडं. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे त्याला दोन्ही चालतात. मी रोज सकाळी फोटो काढायला लागले. इतक्या जवळून फोकसची कडी फिरवून काही उपयोग होत नाही, आपण स्वतःच पुढेमागे व्हायचं. अॅपर्चर लहान करून 8 वर ठेवलं तरी स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. श्वास घेतला तरी अंडं फोकसमधून जातं. मी कोपर कठड्याला टेकवते, श्वास सोडते, अंग केसभर पुढे नेत पाच-सहा फोटो घेते. त्यातला एक लागतो.

तिसऱ्या दिवशी ठिपका काळपट झाला. चौथ्या दिवशी सकाळी आतून कवचाला भोक पडलं आणि काळं, केसाळ डोकं बाहेर आलं. अळी पूर्ण बाहेर पडली, पानावर जराशी थांबली, मग वळली आणि स्वतःचं कवच खायला लागली. कडेनं, गोल गोल, आपण पापड कुरतडतो तसं. नुसत्या डोळ्यांना तिथे फक्त एक काळा धागा हलताना दिसत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला तिचा जबडा दिसत होता. मी आईला हाक मारली, तिनं चष्मा लावून पडद्यावर बघितलं आणि पोळ्या तव्यावर तशाच राहिल्या. त्या महिन्यात आम्ही त्या फांदीचा कढीपत्ता फोडणीत घातला नाही.

उजेडाचं सांगायचं राहिलं. एकास एकला सेन्सरपर्यंत चौथाईच प्रकाश पोचतो, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लांबलेल्या लेन्सच्या सावलीत अडकतो. मी पानाच्या एका बाजूला लग्नपत्रिकेचा पांढरा पुठ्ठा उभा करते, ऊन त्यावरून परत येतं आणि सावल्या मऊ होतात. वारा असेल तर फांदीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ती काठीला धरून ठेवते. पान तोडून खोलीत आणत नाही, किडे फ्रिजमध्ये गार करत नाही. तसं करणारे आहेत. मला ते पटत नाही.

बघायचं असेल तर रविवारी सकाळी आठच्या आत या. नंतर बाल्कनीत थेट ऊन येतं आणि अळ्या पानाखाली सरकतात.