कोंबडीच्या कातडीखाली भरलेली हवा: सुई कधी टोचायची, कधी नाही

मुंगसाच्या किंवा मांजराच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी पहिल्या दिवशी बरी दिसते. दुसऱ्या दिवशी खुराडं उघडावं तर मान टम्म फुगलेली, एक बाजू पंखाच्या बगलेपर्यंत सुजलेली. बोटानं हलकं दाबलं की कातडीखाली चुरचुर लागते, सेव-परमलच्या पुडीतले परमल (कुरमुरे) दाबल्यासारखी. ही चुरचुर म्हणजे हवा. पाणी असेल तर फुगा डुचमळतो, पू असेल तर गाठ घट्ट आणि गरम लागते.

हवा येते कुठून, हे कळलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात आणि फारशी फुगत नाहीत. हवा खेळवतात ते वायुकोश, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, मानेच्या बुडापासून पोटापर्यंत पसरलेले. त्यांतला एक तर पंखाच्या दंडाच्या हाडात शिरलेला असतो. दात लागला, पंख धरून हिसका बसला किंवा ते हाड मोडलं, की वायुकोशाला भोक पडतं आणि श्वासागणिक भात्यासारखी हवा कातडीखाली ढकलली जाते. म्हणून हवा काढून टाकणं हा उपचार नव्हेच. भोक आपोआप बुजेपर्यंत कोंबडीला तगवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

सर्वांत घातक चूक जखम धुताना होते. दाताच्या खोल भोकात सिरिंजनं मिठाचं पाणी किंवा औषध मारलं आणि ते भोक वायुकोशापर्यंत किंवा मोडलेल्या दंडाच्या हाडापर्यंत गेलेलं असलं, तर पाणी थेट फुप्फुसात उतरतं आणि कोंबडी हातातच गुदमरते. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर आत एक थेंबही सोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून कापसानं कडा पुसा, वर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवा. हळद किंवा राख दाबून भरू नये. जखमेचं तोंड बंद झालं की हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, ती कातडीखाली आणखी पसरते. भोक घट्ट शिवून टाकल्यानंही हेच होतं.

कोंबडी खाते-पिते, चोच मिटून श्वास घेते आणि फुगा वाढत नाही, तर सुईला हात लावायचा नाही. थोडी हवा काही दिवसांत शरीरातच जिरते. सुई लागते ती मान इतकी ताठली की दाणा गिळता येत नाही, चोच उघडी पडते आणि श्वासाबरोबर शेपूट वर-खाली हलते तेव्हा.

अशा वेळी दोन माणसं हवीत. एकानं कोंबडी सुती टॉवेलात सैल गुंडाळून उभीच धरावी. छाती कधीही आवळायची नाही: श्वासासाठी छातीचं हाड हललंच पाहिजे, ते दाबलं की श्वास थांबतो. दुसऱ्यानं हात धुऊन, निर्जंतुक १८ नंबरची (गुलाबी टोपीची) किंवा २० नंबरची (पिवळी) नवी सुई घ्यावी. जागा निवडायची ती पिसांच्या ओळींमधली, सर्वांत ताणलेली, मानेच्या डाव्या बाजूची. उजवीकडे गळ्यातली अन्नपिशवी असते आणि मानेची मोठी शीरही उजवीकडेच जाड असते. टॉर्च आडवा धरला की शिरा दिसतात, त्या टाळायच्या. स्पिरिटचा बोळा एकदाच फिरवावा, अंग भिजवलं तर कोंबडी गार पडते. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरून दोन-तीन मिलिमीटरच आत न्यायची, खोल नाही. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी हवा सुईच्या दिशेनं हळूहळू सरकवायची. सिरिंजनं जोरात ओढलं तर सुईचं तोंड कातडीला चिकटतं, हवा येतच नाही.

काही तासांत पुन्हा फुगलं तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. सुईचं भोक लगेच मिटतं, आतलं मिटायला दिवस लागतात. पण दोन-तीनदा काढूनही तितकंच भरत असेल तर डॉक्टर कातडीला छोटी चीर देऊन ती उघडी ठेवतात. इंदूरकरांना महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना जवळ आहे. चीर घरी देऊ नये.

कडकनाथ पाळणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. झाबुआच्या या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडे घरोघरी ती दिसू लागली, पण तिची कातडीच काळी. शिरा टॉर्चनं नीट दिसत नाहीत आणि कुजणारी कातडी रंगावरून ओळखू येत नाही. कुजण्यातही चुरचुर लागते, कारण तिथे जंतूच वायू तयार करतात. फरक नाकानं आणि बोटानं ओळखायचा: घाण वास, ओलसर चिकट कातडी, कोंबडी मलूल. तिथे सुई टोचत बसू नका, दवाखाना गाठा.

जखम नाही आणि डोकं, तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारं लाल कातडं) सुजलेत, तर तो वेगळा विषय. डिसेंबर २०२० अखेर इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि एच५एन८ बर्ड फ्लू निघाला, हे लक्षात असू द्या. अशी कोंबडी न हाताळता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

मांजर चावलं असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी प्रतिजैविक लागतंच. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला जंतू असतो, त्याच जातीच्या जंतूनं कोंबड्यांना कॉलरा होतो. औषध आणि मात्रा वजन करूनच डॉक्टरांकडून घ्यावी, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्याच वेळी विचारावं.

उरते ती राखण, आणि खरं काम तिथेच आहे. किमान दोन आठवडे एकटी, बुटक्या पिंजऱ्यात, दांडीशिवाय. उडी मारली, पंख झटकले, की बुजत आलेलं भोक पुन्हा फाटतं. खाली भाताचं तूस किंवा चुना नको, धूळ उडते. धुतलेलं सुती कापड घाला आणि रोज बदला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिंजऱ्याचा एक कोपरा २८ ते ३० अंश ठेवा, मे महिन्यात उलट सावली आणि वारा. दाणा दळून ओला द्या, घशात कोंबू नका. पावसाळ्यात दिवसातून दोनदा पिसं बाजूला करून जखम बघा, माशीची अंडी एका दिवसात अळ्या होतात. फुगा ओसरून सलग चार-पाच दिवस बोटाला चुरचुर लागली नाही, की आधी बुटकी दांडी, मग कळप.