बॅटरीच्या दुकानातलं ॲसिड

बॅटरीचं ॲसिड तयार करताना क्रम एकच: आधी बादलीत डिस्टिल्ड वॉटर, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या १.८४ पट जड असतं. त्यावर पाणी ओतलं की ते वरच राहतं, जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं.

३ लिटर पाण्यात १ लिटर ॲसिड, बारीक धारेनं, काचेच्या दांड्यानं ढवळत. बादली जाड प्लॅस्टिकची हवी. पत्र्याची अजिबात नको, ॲसिड ती खातं आणि हायड्रोजन सुटतो. मिश्रण चांगलंच तापतं. बादली बाहेरून हाताला गरम लागत असेल तर ओतणं थांबवा.

इथे बरेच जण चुकतात: गरम असतानाच हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी) बुडवतात. आकडा कमी दिसतो, म्हणून आणखी ॲसिड घालतात. २७ अंशांवर आल्यावर मोजा, १.२८ च्या आसपास यायला हवं.

रबरी हातमोजे, ॲप्रन आणि बाजूनेही बंद असलेला चष्मा घाला. साधा चष्मा पुरत नाही. सांडलंच तर कडेकडून आत खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. डोळ्यात गेलं तर सोडा नको. पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं नळाचं पाणी सोडा, मग थेट दवाखाना.

आणि उरलेलं ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत? कृपा करून कधीच भरू नका. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.