डीव्हीडी चालवायचे पैसे नक्की कशाचे? माझा अनुभव

एकाच लॅपटॉपच्या एकाच ड्राइव्हमध्ये व्हीसीडी चालायची आणि डीव्हीडी चालायची नाही. आईच्या कपाटात दोन्हींचा ढीग होता. बरीचशी नाटकं, काही जुने मराठी चित्रपट. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा किराणा सामानाच्या पिशवीतून या चकत्या आमच्या घरी यायच्या. ३४ रुपयांची वस्तू चालवायला लॅपटॉप आणखी कशाची तरी मागणी करतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात जाईना. स्क्रीनवर डीकोडर (डिस्कवरचं चित्र-आवाज उलगडणारा प्रोग्रॅम) नाही असा काहीतरी संदेश यायचा, बस्स.

ड्राइव्ह खराब झालाय, असं दुरुस्तीवाल्याचं मत पडलं. नवीन बसवून देतो म्हणाला. पण खराब ड्राइव्ह व्हीसीडी कशी वाचेल? मी लॅपटॉप उचलून घरी आणला. मी बँकेत नोकरी केली. पैसे कुठल्या खात्यावर पडणार हे कळल्याशिवाय व्हाउचरवर सही करायची नाही, ही सवय तिथली.

उलगडा भाच्यानं केला. पुण्यात इंजिनिअरिंगला होता. "मामा, तुमचं विंडोज कोणतं?" विंडोज ७ होम बेसिक. २०११ मध्ये लॅपटॉप घेतला तेव्हा आतच आलेलं. ही आवृत्ती भारतासारख्या देशांसाठी काढलेली होती, अमेरिकेत ती मिळतच नसे. स्वस्त, आणि स्वस्त करताना जे काढून टाकलं त्यात डीव्हीडीचा डीकोडरही होता. होम प्रीमियमपासून वर तो असायचा, बेसिक आणि स्टार्टरमध्ये नाही. लॅपटॉप नवा असताना डीव्हीडी चालायची, कारण कंपनीनं स्वतःचा एक प्लेअर आत घालून दिला होता. मध्ये एकदा फॉरमॅट मारला, तेव्हा तो गेला.

व्हीसीडीत एमपेग-१ असतं, म्हणजे चित्र दाबून साठवायची एक पद्धत. तिला कुलूपही नसतं. तिच्यातली डॅट फाईल कुणीही उघडावी. डीव्हीडीवर चित्रासाठी एमपेग-२, आवाजासाठी बहुधा डॉल्बी डिजिटल, आणि बऱ्याच डिस्कवर वरून सीएसएस नावाचं कुलूप. म्हणजे पैसे घेणारे तीन. एमपेग-२ ची पेटंटं वेगवेगळ्या कंपन्यांची. ती एकत्र गोळा करून एमपेग एलए ही संस्था परवाने द्यायची आणि २०१० पासून तिचा दर एका डीकोडरमागे २ डॉलर होता. डॉल्बीचे वेगळे. विंडोज बनवणाऱ्यानं हे प्रत्येक कॉपीमागे भरायचे, मग त्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह असो वा नसो. म्हणून विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं डीव्हीडी सरळ बाहेर काढली आणि ज्याला हवी त्यानं मीडिया सेंटर पॅक वेगळा घ्यावा असं ठरवलं. किंमत ९.९९ डॉलर, तोही आधी विंडोज ८ प्रो असेल तरच. खरं सांगायचं तर मला यात अन्याय वाटला नाही. जो वापरेल त्यानं भरावं, बाकीच्यांच्या माथी का? प्रश्न एवढाच, की भरलेल्यातलं पेटंटाचं किती आणि बाकीचं कशाचं.

पहिले पैसे मी भरले ते मात्र विंडोजला नव्हे. भाच्याकडे रास्पबेरी पाय होता, एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. तो टीव्हीला लावून आईला नाटक दाखवायचं असा बेत ठरला. त्या चिपमध्ये एमपेग-२ उलगडायची सोय मुळातच होती, पण बंद ठेवलेली. उघडायची असेल तर २ पौंड ४० पेन्स. साइटवर बोर्डाचा सीरियल नंबर द्यायचा, पैसे भरायचे, मग 'की', म्हणजे किल्ली, ईमेलनं यायची. माझ्या डेबिट कार्डाला परदेशी व्यवहार बंद होते. ज्या शाखेत मी स्वतः दुसऱ्यांचे अर्ज घेत होतो तिथेच अर्ज देऊन ते सुरू करून घेतले. सहकाऱ्यांनी विचारलं, काय मागवताय? नाटक बघायची परवानगी, असं म्हणालो तर हसले.

की आली. एका साध्या फाईलमध्ये एक ओळ टाकायची, बोर्ड बंद करून सुरू करायचा. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह बोर्डाच्या करंटवर चालेना, त्याला वेगळा वीजपुरवठा असलेला हब लागला आणि तो त्या परवान्यापेक्षा महाग पडला. ही की त्या एका सीरियल नंबरलाच चालते. बोर्ड जळला तर पुन्हा पैसे. पण निदान पावती स्वच्छ होती: अमुक बोर्ड, अमुक परवाना.

आता कुलपाचं. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची एक आणि बँकेची एक अशा दोन चाव्या लागतात, तसंच इथेही आहे: डिस्कची किल्ली डिस्कवर, पण ती उलगडणारी किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअरकडे. आणि हे लॉकर १९९९ मध्येच उघडलं गेलं. किल्ली फक्त ४० बिटांची. कुलूप उघडणारा प्रोग्रॅम पसरला त्यात नॉर्वेच्या योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव पुढे आलं, खटला झाला, २००३ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षाअखेर अपिलातही सुटला. आपली विकत घेतलेली डिस्क आपण पाहू शकतो, असं कोर्टाला वाटलं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं. तेही कुलूप फोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा होता का हे विचारतं. विकत घेतलेलं नाटक आईला दाखवण्यात तो हेतू कुठून काढणार?

२०१६ मध्ये विंडोज १० फुकट मिळत होतं ते घेतलं. त्यात मायक्रोसॉफ्टचा डीव्हीडी प्लेअर वेगळा होता, अमेरिकेत १४.९९ डॉलरला. ज्यांच्याकडे होम प्रीमियम किंवा त्यावरचं विंडोज ७ होतं, किंवा मीडिया सेंटरवालं विंडोज ८, त्यांना अपग्रेडबरोबर तो काही काळ फुकट मिळाला. होम बेसिकवाले पुन्हा यादीबाहेर. तिथे मी थांबलो. पंधरा डॉलरपैकी पेटंटाचे किती, हे ती पावती सांगत नव्हती.

भाच्यानं व्हीएलसी नावाचा प्लेअर लॅपटॉपमध्ये घालून दिला. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून हा प्लेअर आला. डीकोडर त्याच्या आतच, कुलूप उघडण्याची लायब्ररी बरोबरच. फ्रान्सचा कायदा सॉफ्टवेअरची पेटंटं मानत नाही अशी त्यांची भूमिका आहे. पाच मिनिटांत पडदा उघडला. ही संस्था देणग्या घेते. मी दिली, रक्कम सांगत नाही, पण पंधरा डॉलरपेक्षा कमी नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, मग तुम्ही वाचवलं काय?" वाचवायचं कुठे होतं?

न्यू जर्सीहून बहिणीनं आणलेल्या डिस्कनं मात्र वेगळाच घोळ घातला. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा क्रमांक म्हणजे रीजन. ती रीजन १ ची, भारत रीजन ५ मध्ये. ड्राइव्हचा रीजन पाचदा बदलता येतो, नंतर कायमचा अडकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती बदल उरले ते दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच नाटकांच्या डिस्कवर रीजनच नसतो, त्यामुळे बदलायची घाई करू नका. दोन रीजनच्या डिस्क घरात असतील तर दुसरा ड्राइव्ह घ्या, स्वस्त पडतो. ब्लू-रेच्या नादी तर मी लागलोच नाही. कॉम्प्युटरवर फोर-के ब्लू-रे डिस्कला पैसे भरून घेतलेला प्लेअर असूनही इंटेलची एसजीएक्स नावाची सोय लागते आणि घरगुती कॉम्प्युटरच्या नव्या प्रोसेसरमधून ती इंटेलनं काढून टाकली. म्हणजे पैसे भरणाराही बाहेरच.

डॉल्बी डिजिटलची पेटंटं २०१७ मध्ये संपली, एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं फेब्रुवारी २०१८ मध्ये.  खातं बंद झालं, मग वसुलीही बंद. हे मला आवडलं.

गेल्या वर्षी मुलीनं आयफोनवर काढलेला व्हिडिओ विंडोजमध्ये उघडेना. एचईव्हीसी (आयफोनच्या व्हिडिओची पद्धत) एक्स्टेन्शन घ्या असं विंडोज म्हणालं, अमेरिकेतली किंमत ०.९९ डॉलर. भाचा फोनवरून, "व्हीएलसीत उघडा की!" उघडलाच असता. पण ही पेटंटं अजून चालू आहेत, आणि खातं कोणतं ते ठाऊक होतं. मी भरून टाकले.