साडेतीन ताऱ्यांचं काय करायचं?

१९७९ साली रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकवाल्यांनी कुठली रेकॉर्ड किती चांगली ते सांगणारं रेकॉर्ड गाइड काढलं तेव्हा त्यात पाच ताऱ्यांपासून एका ताऱ्यापर्यंतची उतरंड होतीच, पण एका ताऱ्याच्याही खाली एक भरीव काळा चौकोन होता. चौकोन म्हणजे ही रेकॉर्ड निघायलाच नको होती. मला हा चौकोन फार आवडतो. चार-पाच पोरं स्टुडिओत राबली, कंपनीने पैसे ओतले, कुणीतरी जीव लावून कव्हर काढलं, आणि गाइडचा संपादक डेव्ह मार्श अँड मंडळींनी एका चौकोनात सगळ्याचा निकाल लावून टाकला. एवढा उघड उद्धटपणा आता बघायला मिळत नाही. आता सगळे कसे साडेतीन तारे देतात, आणि साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय हे मला तरी अजून कळलेलं नाही, ऐकू का नको ऐकू ते सांगा ना सरळ.

भाचा सध्या रॉकच्या नादाला लागलाय. परवा म्हणाला, मामा, लेड झेपलिनचं कुठून सुरू करू, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने फोनवर कुठल्या अल्बमला किती तारे आहेत ते काढलंही होतं. मग माझा सल्ला कशाला हवा होता देव जाणे. पण मला गंमत याची वाटली की झेपलिनवरच या समीक्षक लोकांची सगळ्यात जास्त फजिती झालेली आहे. १९६९ मधे त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा रोलिंग स्टोनमधे जॉन मेंडेलसनने त्याची अशी सालटी काढली की बास. आणि त्याच मासिकाने २००३ साली आतापर्यंतच्या सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली तर त्यात तोच अल्बम २९ वा! निर्वाणा या बँडच्या नेव्हरमाइंडचंही तेच. १९९१ मधे तीन तारे, म्हणजे बरा आहे, चालेल. २००३ च्या यादीत १७ वा आणि २०२० च्या यादीत थेट ६ वा. या दोन अल्बममधला एक सूरही मधल्या काळात इकडचा तिकडे झालेला नाही बरं का, टेप तीच, ड्रमवरचा घाव तोच.

बरं, यादीचंही काय सांगावं. २००३ ला बीटल्सचा सार्जंट पेपर पहिला होता, २०२० ला तो २४ वर गेला आणि मार्व्हिन गेचा व्हॉट्स गोइंग ऑन सहावरून पहिला झाला. कारण साधं आहे, मत देणारे बदलले. पहिल्या वेळी पंचांमधे साठच्या दशकात वाढलेली मंडळी जास्त होती, दुसऱ्या वेळी तरुण गायक-वादक आले, हिपहॉप आणि सोल ऐकत मोठे झालेले लोक आले, त्यांनी आपलं माप लावलं. मला स्वतःला मार्व्हिन गे पहिला बघून आनंदच झाला, पण म्हणून २००३ ची यादी खोटी होती आणि ही खरी असं काही मी म्हणणार नाही. अशा यादीत अल्बमबद्दल जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त त्या वर्षीच्या लोकांबद्दल कळतं.

आणि काही वेळा तर नुसत्या मैत्रीबद्दल कळतं. २००१ मधे रोलिंग स्टोन्स या बँडचा गायक मिक जॅगर याचा गॉडेस इन द डोअरवे हा अल्बम आला, तेव्हा रोलिंग स्टोनचा मालक-संपादक यान वेनर याने स्वतः लेखणी उचलून त्याला पाचपैकी पाच दिले. जॅगर त्याचा जुना दोस्त. तो अल्बम तुम्ही ऐकला असेल तर पुढे काही बोलायला नको, नसेल ऐकला तर तसंच राहू द्या.

मग यांच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

इथे मला रॉबर्ट ख्रिस्टगाउ आठवतो. हा न्यूयॉर्कचा बुवा, स्वतःला अमेरिकन रॉक समीक्षकांचा डीन म्हणवून घ्यायचा (आधी थट्टेत, मग लोक खरंच म्हणायला लागले). १९६९ मधे याने व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकात कन्झ्युमर गाइड नावाचं सदर सुरू केलं. त्या काळी आजूबाजूची सगळी पोरं बाजार, पैसा, कंपन्या या सगळ्याच्या नावाने बोटं मोडत होती आणि हा रेकॉर्डना मिक्सर-फ्रिज तपासल्यासारखे ग्रेड द्यायला लागला, ए प्लसपासून ई मायनसपर्यंत, म्हणजे मुद्दाम डिवचणंच ते. खाली चार ओळींचा मजकूर, आणि त्या चार ओळी इतक्या घट्ट विणलेल्या की एकदा वाचून कळतच नाहीत, दुसऱ्यांदा वाचलं की हसू येतं. या माणसाला हेवी मेटल आवडत नाही, लांबलचक गंभीर आर्ट रॉक तर त्याहून नाही, आणि तो ते लपवत नाही. आफ्रिकन पॉप दिसला, किंवा चांगले शब्द लिहिणारी एखादी पोरगी गिटार घेऊन आली की तो विरघळतो. हे सगळं एकदा समजलं की झालं, मग त्याने कुठल्या प्रोग (म्हणजे तोच लांबलचक आर्ट रॉक) बँडला सी मायनस दिला की मला नेमकं कळतं की यात लांब लांब कीबोर्ड सोलो असणार, चाली मधेच बदलणार, राजा-राणी-चेटकीण असणार, आणि मी खुशाल ऐकायला बसतो. त्याचा नावडता अल्बम मला आवडणार याची मला त्याच्या ए प्लसपेक्षा जास्त खात्री असते. आता याला विश्वास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? म्हणजे तो बरोबर असतो का हा प्रश्न वेगळा, आणि तो कुठे आणि कसा चुकणार हे मला ठाऊक असतं हे वेगळं. माझ्या कामाचं दुसरं आहे.

त्याची रॉक गायक लू रीडबरोबरची भानगड तर मस्तच आहे. १९७८ च्या लाइव्ह अल्बममधे, टेक नो प्रिझनर्समधे, लू रीड स्टेजवरून चालू कार्यक्रमात ख्रिस्टगाउचं नाव घेऊन शिव्या घालतो, हा कोण माणूस वर्षभर बसून काम केलेल्याला बी प्लस देणारा वगैरे. ते रेकॉर्डवर तसंच ठेवलं. ख्रिस्टगाउने त्या रेकॉर्डचंही परीक्षण लिहिलं, नाव बरोबर उच्चारल्याबद्दल लूचे आभार मानले आणि दिला सी प्लस.

तर एकाच माणसाने लिहिलेलं गाइड मला जास्त पटतं ते यामुळे. पन्नास जणांनी मिळून लिहिलेल्या जाड पुस्तकात काय होतं, एका बँडचं पान त्याच्या भक्ताकडे गेलेलं असतं आणि दुसऱ्या बँडचं अशा माणसाकडे की जो बिचारा उरलेलं कोण करणार म्हणून तीस अल्बम दोन आठवड्यांत उरकत बसलाय. दोघांचे चार तारे छापताना एकाच आकाराचे दिसतात. ऑलम्युझिक या वेबसाइटचं तर अजून वेगळंच, तिथले तारे त्या त्या कलाकाराच्या बाकीच्या अल्बमच्या तुलनेत असतात, दोन वेगळ्या लोकांची तुलना करायला नसतातच ते. पण हे वाचतो कोण, लोक खुशाल याचे साडेचार आणि त्याचे चार म्हणून भांडतात.

या सगळ्यावर कडी म्हणजे पिचफोर्क ही संगीत परीक्षणांची वेबसाइट. यांचे मार्क दहापैकी आणि तेही दशांश चिन्हासकट. दहावीच्या निकालात ९३.४० वाल्याची आई ९३.६० वाल्याच्या आईकडे जशी बघते ना तसं मी ६.४ कडे बघायचो, की हा जो पॉइंट चार आहे तो नेमका कुठल्या गाण्यात मिळाला आणि पॉइंट सहा कुठल्या कडव्यात कापला? ६.४ हा काही हवेतला आकडा नाही हं, डाफ्ट पंक या जोडीच्या डिस्कव्हरी अल्बमला त्यांनी २००१ मधे तेवढे दिलेले. मग २०२१ मधे त्यांनी स्वतःच काही जुन्या अल्बमना नव्याने मार्क दिले, त्यात डिस्कव्हरी ६.४ वरून १० वर आला. दहा! आणि लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला आधी ०.० दिला होता, तो ६.० झाला, मूळ परीक्षण लिहिणाऱ्याने तर त्याआधीच तिची जाहीर माफी मागितली होती. माफी चांगलीच गोष्ट आहे, पण मला विचाराल तर जुन्या मार्कावर नवा मार्क चिकटवायला नको होता. भोपळा दिला होता ना, तो तसाच दिसू द्या, म्हणजे त्या वेळी एका इंडी (म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेरच्या) गायिकेने पॉपकडे वळणं या मंडळींना केवढं झोंबलं होतं ते पुढच्यांना कळेल.

हे सगळं आता बोलायला सोपं आहे कारण ऐकायला पैसे लागत नाहीत. आधी लागायचे, आणि म्हणूनच ही गाइडं निघाली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधे ऐकून बघायला बूथ होते तरी तिथे उभं राहून किती ऐकणार, मागे लोक खोळंबलेले, आणि इंपोर्टेड सीडीची किंमत बघून पोटात गोळा यायचा. तेव्हा कुणीतरी छापील शब्द दिलेला असला की धीर यायचा. ते दुकान २०१६ मधे बंद झालं. मला फाउंटनच्या फुटपाथवर रोलिंग स्टोनच्या गाइडची १९९२ ची आवृत्ती मिळाली होती, तिच्या आधीच्या मालकाने पानोपानी पेन्सिलने तारे वाढवलेले, कमी केलेले, आणि मेटलवाल्या पानांवर तर समासात देवनागरीत ठसठशीत "गाढव" लिहिलेलं. मी त्या अनोळखी माणसाच्या पेन्सिलवर बरीच खरेदी केली. छापील ताऱ्यांपेक्षा त्याचं माझं जास्त जमलं, कारण तो कुठे चिडतो ते दिसत होतं.

जॅझला मात्र गाइडशिवाय गत्यंतर नाही हे मी मान्य करतो. सन रा या एका माणसाचे शंभरावर अल्बम आहेत, काय काय ऐकणार? रिचर्ड कुक आणि ब्रायन मॉर्टन या दोघांचं पेंग्विन गाइड १९९२ पासून निघायचं, विटेएवढं जाड, चार तारे आणि अगदी जिवाच्या रेकॉर्डला एक मुकुट. दोघंच लिहिणार, त्यामुळे थोडं वाचलं की दोघांचे कान ओळखीचे होतात. शिवाय ते वाजवणं कसं आहे ते लिहायचे, ढोलकरी मागे खेचतोय, सॅक्सोफोनचा आवाज कोरडा आहे, पियानो नीट लावलेला नाही. एवढं सांगितलं की पुरे, तारे नसते दिले तरी चाललं असतं.

आपल्याकडे रागसंगीताचं असं ताऱ्यांचं गाइड कुणी काढलं नाही याचं मला कधी बरं वाटतं आणि कधी वाईट. वामनराव देशपांड्यांनी घराण्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, कोण सुराला धरून आणि कोण लयीला धरून ते सगळं सांगितलं, पण मार्क कुणाला दिले नाहीत. किशोरीताईंच्या भूपाला साडेतीन तारे अशी कल्पना करून बघा, लिहिणाऱ्याला दादरमधे घर भाड्याने मिळणार नाही. पण नवीन ऐकणाऱ्या पोराने भीमसेनजींच्या एवढ्या रेकॉर्डिंगमधून कुठलं उचलावं हे त्याला सांगणार कोण? ओळखीत कुणी म्हातारे रसिक काका असले तर ठीक, आणि ते काकाही शेवटी म्हणणारच की खरी मैफल तू ऐकलीच नाहीस.

मला या सगळ्यांत वाचायला कोण आवडतं म्हणाल तर अमेरिकन समीक्षक ग्रील मार्कस. १९७० मधे बॉब डिलनच्या सेल्फ पोर्ट्रेट या अल्बमवर त्याने लिहिलं त्याचं पहिलं वाक्य म्हणजे सरळ सरळ "ही काय घाण आहे?" असा प्रश्न होता, छापील मासिकात. पुढे २०१३ ला डिलनने त्याच काळातल्या न वापरलेल्या टेप्सचा संच काढला आणि त्याच्यासोबतचं टिपण लिहायला सांगितलं कुणाला, तर मार्कसलाच! त्याने लिहिलंही. मी दोन्ही संच ऐकलेत. २०१३ वाला फार सुंदर आहे, साधी गिटार, मोकळा आवाज. १९७० वाला अर्ध्याहून जास्त अजूनही कंटाळवाणा आहे, आणि भाच्याला त्यातलं एक गाणं लावून दाखवलं तर तो म्हणाला, मामा, याला किती तारे आहेत?